ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या पुणेकर मालकांना खुले पत्र

प्रति,
श्रीमती अनुराधा देसाई, श्री. वेंकटेश राव आणि श्री. बालाजी राव,
व्ही. एच. समूह (वेंकीज कुक्कुटउद्योग), पुणे

सविनय नमस्कार.

नोव्हेंबर २०१० मध्ये आपण इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब त्याचे दिवंगत मालक जॅक वॉकर यांच्या विश्वस्त निधीकडून २ कोटी ३० लाख पाउंडांना विकत घेतला. त्या गोष्टीला पंधरा वर्षे होऊन गेली. या काळात ब्लॅकबर्नच्या चाहत्यांनी आपल्याला असंख्य पत्रे लिहिली, फलक धरले, मोर्चे काढले. ते सगळे इंग्रजीत होते आणि सात हजार किलोमीटरांवरून येत होते. मी आपल्याच शहरातला आहे. त्या क्लबच्या भवितव्याचे निर्णय पुण्यात होतात, म्हणून हे पत्र पुण्यातून आणि पुण्याच्या भाषेत लिहावे असे मला वाटले.

ब्लॅकबर्नशी माझा संबंध दुरूनच जुळला. मे १९९५ मध्ये मी शाळेत होतो. रोव्हर्स अखेरच्या दिवशी ॲनफिल्डवर लिव्हरपूलकडून २-१ असे हरले आणि तरीही प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल श्रेणीचे विजेते ठरले, कारण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर समाधान मानावे लागले. हरूनही अजिंक्य ठरण्याची ती बातमी वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर मी पुन्हा पुन्हा वाचली आणि तेव्हापासून निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या रंगांचा तो सदरा माझा झाला. पंधरा वर्षांनी तोच क्लब माझ्याच शहरातल्या कुटुंबाने घेतला, तेव्हा मला किती आनंद झाला असेल याची कल्पना आपण करू शकाल. ऑक्टोबर २०११ मध्ये आपण रोव्हर्सचा संघ पुण्यात आणला आणि बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध त्यांचा मैत्रीपूर्ण सामना झाला, त्या दिवशी मी प्रेक्षकांत होतो. त्याच सुमारास ब्लॅकबर्नमध्ये आपल्या व्यवस्थापनाविरुद्ध निदर्शने सुरू झाली होती, हे मला नंतर कळले.

चाहत्यांची तक्रार पैशाची आहे, असा एक समज इथे पुण्यात आहे. मालकाने तिजोरी उघडावी, महागडे खेळाडू आणावेत आणि ते झाले नाही की चाहत्यांनी ओरडावे, असे चित्र रंगवले जाते. ते चुकीचे आहे, आणि आपल्यावरही अन्याय करणारे आहे. या पंधरा वर्षांत आपण ब्लॅकबर्नमध्ये २० कोटी पाउंडांहून अधिक रक्कम ओतली आहे. चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत बहुतेक क्लबांचे उत्पन्न खेळाडूंच्या पगारालाही पुरत नाही. ब्लॅकबर्नमध्येही अनेक वर्षे पगारखर्च एकूण उत्पन्नापेक्षा जास्त राहिला आहे आणि ती तूट आपणच भरून काढत आला आहात. आपण लाभांश काढून नेला नाही. ब्लॅकबर्नच्या आसपासच्या गावांनी काय भोगले ते तिथला प्रत्येक चाहता जाणतो. बरी हा शेजारचा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये फुटबॉल लीगमधून काढून टाकला गेला, बोल्टन त्याच वर्षी आणि विगन २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला. महामारीत मैदाने रिकामी असतानाही रोव्हर्सवर ती वेळ आली नाही. याबद्दल कृतज्ञता न दाखवणारा चाहता अप्रामाणिक ठरेल, आणि मला भेटलेला एकही चाहता तसा नाही.

मग तक्रार कशाची आहे? एवढा पैसा कोणत्या योजनेने, कोणाच्या सल्ल्याने आणि कशासाठी खर्च झाला, हे पंधरा वर्षांत कोणी त्यांना समजावून सांगितले नाही, ही त्यांची तक्रार आहे. मालकाच्या खिशात किती आहे याची मोजदाद करणे हा चाहत्याचा अधिकार नाही, हे मला मान्य आहे. पण क्लब हा कोंबड्यांच्या खाद्याचा कारखाना नव्हे. १८७५ मध्ये स्थापन झालेला, १८८८ च्या फुटबॉल लीगचा आणि १९९२ च्या प्रीमियर लीगचा संस्थापक सदस्य असलेला, सहा एफए कप जिंकलेला हा क्लब म्हणजे एका गिरणगावाची सामाईक ठेव आहे. कापडगिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळमध्ये काय उरले हे आपण महाराष्ट्रात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ब्लॅकबर्नमध्ये गिरण्या गेल्या आणि रोव्हर्स उरले.

सुरुवातीच्या तीन वर्षांकडे थोडे थांबून पाहावे लागेल, कारण विश्वास तिथे तुटला. आपण क्लब हाती घेतल्यावर काही आठवड्यांतच, डिसेंबर २०१० मध्ये, संघाचे व्यवस्थापक, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, सॅम ॲलरडाइस यांना काढले गेले. तेव्हा संघ प्रीमियर लीगमध्ये तेराव्या स्थानी होता आणि त्या गावाच्या मानाने ते स्थान समाधानकारक होते. त्यांच्या जागी आलेले स्टीव्ह कीन याआधी कधीही एखाद्या मोठ्या संघाचे मुख्य व्यवस्थापक नव्हते. रोनाल्डिन्यो आणि बेकहॅम क्लबमध्ये येणार अशा बातम्या वर्तमानपत्रांत झळकत होत्या, आणि प्रत्यक्षात २०११ च्या उन्हाळ्यात अकादमीत घडलेला बचावपटू फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. मे २०१२ मध्ये विगनकडून घरच्या मैदानावर हरून क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या रात्री कोणीतरी मैदानात कोंबडी सोडली आणि ते दृश्य जगभर दाखवले गेले. आपल्या उद्योगाची ती अवहेलना मला आवडली नाही आणि आजही आवडत नाही. परंतु मालकांपर्यंत शब्द पोहोचत नाहीत अशी खात्री झालेल्या माणसांच्या हातून ते घडले, हेही आपण लक्षात घ्यावे.

पुढच्या मोसमात व्यवस्थापकांची रांग लागली. हेनिंग बर्ग हे १९९५ च्या विजेत्या संघातले खेळाडू ५७ दिवस टिकले आणि त्यांच्या करारभंगापोटी न्यायालयाच्या आदेशाने क्लबला २२ लाख ५० हजार पाउंड मोजावे लागले. मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकले. ज्या क्लबच्या मालकांनी पुढे खेळाडूंच्या खरेदीत हात आखडता घेतला, त्याच क्लबने ५७ दिवसांच्या कामासाठी एका उमेदीच्या खेळाडूच्या किमतीएवढी रक्कम गमावली. त्याच वर्षी हडर्सफील्डकडून जॉर्डन ऱ्होड्सला ८० लाख पाउंड देऊन आणले, तो निर्णय मात्र चांगला होता आणि चाहते तो मान्य करतात. ऱ्होड्सने ८० हून अधिक गोल केले. पण त्याच्याभोवती संघ उभा राहिला नाही. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबांना काही वर्षे मिळणारे संक्रमण अनुदान संपत आले, डिसेंबर २०१४ मध्ये आर्थिक शिस्तीचे नियम मोडल्याबद्दल खेळाडू विकत घेण्यावर बंदी आली, आणि २०१६ च्या सुरुवातीला ऱ्होड्सही मिडल्सब्रोला गेला. मे २०१७ मध्ये रोव्हर्स ५१ गुण मिळवूनही केवळ गोलफरकाने तिसऱ्या श्रेणीत उतरले. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिली वेळ होती.

त्या मोसमातल्या एका निषेधाची माहिती आपल्यापर्यंत पोहोचली होती का, हे मला माहीत नाही. चाहते सामना सुरू झाल्यावर अठराव्या मिनिटाला आत येत आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जात. १८ आणि ७५ मिळून क्लबचे स्थापनावर्ष होते. मधली ५७ मिनिटे ते संघाला पाठिंबा देत आणि उरलेला वेळ आपली जागा रिकामी ठेवत. पैसे भरून घेतलेल्या तिकिटावर इतका संयमी आणि इतका अर्थपूर्ण निषेध मी दुसरा पाहिलेला नाही. आपल्या मालकीच्या पहिल्या मोसमात सरासरी पंचवीस हजारांच्या आसपास असलेली प्रेक्षकसंख्या तोवर जवळजवळ निम्म्यावर आली होती. ज्यांनी मोसमी पास घेणे सोडले ते पराभवाला कंटाळून गेले नाहीत. त्यांच्या आजोबांनी याहून वाईट संघ पाहिले होते.

व्यवस्थापक टोनी मोब्रे यांनी एका वर्षात संघ पुन्हा वर आणला, हे खरे. त्यानंतरची सात-आठ वर्षे मात्र मला अधिक अस्वस्थ करतात, कारण या काळात नुसता गोंधळ नव्हता. चांगले खेळाडू तयार होत होते, आणि तरीही त्यांच्यातून क्लबच्या हाती फारसे काही राहिले नाही. मोसमात २८ गोल करणारा ॲडम आर्मस्ट्राँग ऑगस्ट २०२१ मध्ये साउदम्प्टनला सुमारे दीड कोटी पाउंडांना गेला. विक्री करावी लागते हे चाहत्यांना समजते. चॅम्पियनशिपच्या नियमांनुसार तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पाउंडांहून अधिक तोटा दाखवता येत नाही आणि आपण कितीही देऊ इच्छित असलात तरी ती मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणूनच खेळाडू योग्य वेळी, योग्य किमतीला विकणे हा अशा क्लबच्या अर्थकारणाचा कणा असतो. तो कणाच इथे मोडला आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात जो रॉथवेल, कर्णधार डाराह लेनिहान आणि रायन न्याम्बे हे तिघेही करार संपल्यामुळे एक पाउंडही न मिळता निघून गेले. २०२३ मध्ये बेन ब्रेरेटन दियास तसाच व्हिलारियालला गेला. त्याला विकत घेण्यासाठी क्लबने लाखो पाउंड मोजले होते, मधल्या काळात तो चिलीकडून आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळू लागला होता आणि त्याच्या गोलांनी संघाला वरच्या स्थानांच्या जवळ आणले होते. २०२५ मध्ये टायरिस डोलन एस्पान्यॉलला गेला, तोही विनामूल्य.

ही एका वर्षाची चूक असती तर मी पत्र लिहिले नसते. खेळाडूच्या कराराला दोन वर्षे उरली असतानाच नवा करार करावा किंवा त्याला विकावे, हे अर्थकारण कोणत्याही नवख्या व्यवस्थापकाला ठाऊक असते. आपल्या व्यवसायात अंडी उबवण्याच्या केंद्रापासून दुकानापर्यंत प्रत्येक दिवसाचा हिशेब असतो, आणि एक दिवस उशीर झाला तर माल वाया जातो. त्या घराण्याच्या मालकीच्या क्लबमध्ये अशी नासाडी वर्षामागून वर्षे होत राहावी, याचे स्पष्टीकरण मला सापडलेले नाही. नव्या करारासाठी पुण्याची मंजुरी लागते आणि ती वेळेवर येत नाही, असे ब्लॅकबर्नमध्ये सर्रास बोलले जाते. ते खरे नसेल तर आपण तसे जाहीरपणे सांगावे.

कागदपत्रांच्या उशिराची दोन उदाहरणे तर सर्वांसमोर आहेत. जानेवारी २०२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या लुईस ओब्रायनला उसनवारीवर घेण्याचे ठरले, पण नोंदणीची कागदपत्रे मुदतीनंतर पोहोचली आणि लीगने ती नाकारली. त्या मोसमात रोव्हर्स सहाव्या क्रमांकाच्या संघाइतकेच गुण मिळवून केवळ गोलफरकाने सातवे आले आणि वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्ले-ऑफ सामन्यांना मुकले. एक वर्षानंतर, २०२४ च्या हिवाळी मुदतीच्या शेवटच्या दिवशी, अमेरिकेतल्या ऑर्लँडो क्लबच्या डंकन मॅग्वायरच्या नोंदणीत चूक झाली आणि तो करारही फसला. ओब्रायन खेळला असता तर संघ वर गेला असता, असे मी म्हणणार नाही. पण एकाच क्लबमध्ये सलग दोन वर्षे हेच घडावे, आणि दोन्ही वेळा मालकांच्या बाजूने चाहत्यांसाठी एकही शब्द येऊ नये, हे मला सहन होत नाही.

ॲडम व्हार्टनबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवे. तो ब्लॅकबर्नमध्येच जन्मला, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढला आणि विशीच्या उंबरठ्यावर २०२४ च्या सुरुवातीला क्रिस्टल पॅलेसला गेला. सुरुवातीची रक्कम १ कोटी ८० लाख पाउंड होती. काही महिन्यांत तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या संघात होता, आणि मे २०२५ मध्ये पॅलेसबरोबर एफए कप जिंकला. त्याला विकल्याबद्दल चाहत्यांनी रोष धरला नाही. त्या पैशातून काय उभे राहणार, एवढेच त्यांनी विचारले. त्याच मोसमात २७ गोल करून विभागातला सर्वाधिक गोल करणारा ठरलेल्या सॅमी स्मॉडिक्सच्या बळावर संघ अखेरच्या दिवशी लेस्टरमध्ये जिंकून कसाबसा टिकला, आणि ऑगस्टमध्ये स्मॉडिक्सही इप्सविचला गेला. या दोघांच्या विक्रीतून आलेल्या रकमेचा बराच भाग तूट भरून काढण्यात गेला असेल, तर त्यात गैर काहीच नाही. मग तसे सांगायला काय हरकत होती? फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ पाचव्या स्थानी असताना व्यवस्थापक जॉन युस्टेस स्वतःहून डर्बीला निघून गेले, आणि डर्बी तेव्हा त्याच विभागाच्या तळाशी झगडत होता. वरच्या स्थानावरचा माणूस तळाच्या क्लबकडे का जातो, हा प्रश्न कोणत्याही मालकाची झोप उडवणारा असायला हवा. त्या मोसमात रोव्हर्स पुन्हा सातवे आले. या वेळी दोन गुणांनी. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कर्णधार लुईस ट्रॅव्हिसही डर्बीलाच गेला.

न्यायालयीन प्रकरणाविषयी मी मोजकेच लिहितो. परदेशी पाठवलेल्या निधीसंबंधी अंमलबजावणी संचालनालयाने (ईडीने) हाती घेतलेल्या चौकशीमुळे २०२३ पासून ब्लॅकबर्नला रक्कम पाठवण्यासाठी आपल्याला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि त्यासाठी बँक हमीही द्यावी लागली. त्या चौकशीच्या गुणदोषांवर मत देण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण ईवुड पार्क या रोव्हर्सच्या मैदानावरच्या प्रेक्षकांना आपल्या क्लबचा पुढच्या तिमाहीचा पैसा येणार की नाही, हे दिल्लीतल्या सुनावणीच्या वार्तांकनातून शोधावे लागत होते. एका सेवानिवृत्त शिक्षकाला किंवा बसचालकाला भारतीय परकीय चलन कायद्याची कलमे वाचावी लागावीत, यापेक्षा आपल्या कार्यालयातून आलेले दोन पानी निवेदन बरे नव्हते का? अडचण आहे, मर्यादा आहे, अमुक काळ काटकसर करावी लागेल, असे मालकाने सांगितले असते तर या गावाने ते समजून घेतले असते. काटकसर त्यांना नवीन नाही.

मे २०२५ मध्ये महिला संघाला दुसऱ्या श्रेणीतून माघार घ्यायला लावली गेली, कारण परवान्याच्या नव्या अटी पूर्ण करण्यासाठी लागणारा खर्च करायचा नव्हता. पुरुषांच्या संघाच्या एका मध्यम खेळाडूच्या पगाराच्या तुलनेत तो खर्च किती होता, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मैदानावर कमावलेले स्थान एका कागदावर सोडून द्यावे लागणे काय असते, हे त्या मुलींना विचारावे.

आता आपल्या वडिलांविषयी. डॉ. बी. व्ही. राव यांचे नाव महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांच्या घरात आजही आदराने घेतले जाते. अंड्याचा भाव व्यापारी ठरवत होते आणि शेतकरी तोट्यात बुडत होता, तेव्हा ते देशभर फिरले, गावोगावी सभा घेतल्या, शेतकऱ्यांशी समोरासमोर बोलले, आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. आपल्या मालाचा भाव ठरवण्यात शेतकऱ्याला शब्द असलाच पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते. रोज अंडे खाण्याची ती घोषणा आज पोराटोरांना पाठ आहे, पण तिच्यामागे हे फिरणे आणि हे ऐकणे होते. या व्यवसायाची संपत्ती त्या विश्वासावर उभी राहिली. ब्लॅकबर्नच्या चाहत्याला क्लबचा भाव ठरवायचा नाही. ज्या गोष्टीत त्याचे आयुष्य गुंतले आहे तिच्याविषयी त्याला शब्द हवा आहे. डॉ. राव असते तर पहिल्या वर्षीच लँकेशायरच्या एखाद्या सभागृहात उभे राहून त्यांनी प्रश्न घेतले असते, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत. आपल्यापैकी किमान एकाने या मोसमात ईवुड पार्कवर जावे. सामना पाहून परतू नये, तर रोव्हर्स ट्रस्ट आणि इतर चाहतेगटांबरोबर एक संध्याकाळ बसावे. लोक रागावतील, काही जण कठोर बोलतील. जी व्यक्तिगत हेटाळणी या काळात झाली तिचे मी समर्थन करत नाही, पण समोर बसलेल्या माणसाशी माणसे वेगळ्या भाषेत बोलतात, हा अनुभव आपल्यालाही असेल. दुसरे, वार्षिक ताळेबंदाबरोबर मालकांचे एक निवेदन प्रसिद्ध व्हावे. त्यात खेळाडूंच्या विक्रीतून किती आले, त्यातले किती पुन्हा संघात गेले, पुढच्या दोन वर्षांत आपण किती निधी देऊ शकता आणि कोणत्या उद्दिष्टासाठी, हे साध्या शब्दांत असावे. इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक आला आहे आणि चाहत्यांशी सल्लामसलत करणे क्लबांना बंधनकारक होत आहे, म्हणजे आज ना उद्या हे करावेच लागेल. कायद्याने भाग पाडण्याआधी ते आपण आपणहून केले, तर त्याचे मोल वेगळे असेल. तिसरे, खेळाडूंच्या करारांचे निर्णय ब्लॅकबर्नमध्ये बसलेल्या, फुटबॉल जाणणाऱ्या आणि ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः सही करू शकणाऱ्या व्यक्तीकडे द्यावेत.

आणि यांपैकी काहीही करण्याची आपली इच्छा उरली नसेल, तर क्लब विकण्याचा विचार मोकळेपणाने जाहीर करावा. घातलेले २० कोटी पाउंड परत मिळतील अशी किंमत कोणीही देणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक असणार. पण योग्य, तपासलेल्या खरेदीदाराच्या हाती क्लब सोपवणे ही हार नव्हे. जॅक वॉकर यांच्या विश्वस्तांनी २०१० मध्ये तेच केले होते आणि आपल्यावर विश्वास टाकला होता. त्यांचा पुतळा आजही ईवुड पार्कबाहेर उभा आहे. ते स्थानिक पोलाद व्यापारी होते. त्यांच्या पैशाने आलेल्या विजेतेपदावर तेव्हाही विकत घेतल्याचा ठपका ठेवला गेला, आणि तरीही गावाने त्यांना मायेने जपले, कारण चेक लिहिणारा माणूस लोकांना दिसत होता.

या पत्राचे उत्तर मला नको. ते इंग्रजीत लिहून ईवुड पार्क, ब्लॅकबर्न या पत्त्यावर पाठवावे आणि त्याखाली आपल्या तिघांच्या सह्या असाव्यात, एवढीच अपेक्षा आहे.

आपला नम्र,
पुण्यातील एक रोव्हर्स समर्थक